घरच्या मोटारीची परीक्षा

वऱ्हाडांतला जाणता शेतकरी दमणीसाठीं बैलजोडी घेतांना बाजारांत दांत पाही, खूर पाही, पाठीवरून हात फिरवी. परंतु तेवढ्यावर त्याचें समाधान होत नसे. जोडी लांबच्या गांवाला जाऊन परत आली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं ती चाऱ्याला तोंड लावते कीं नाहीं आणि कोणता पाय टेकतांना कचरते, ह्यावर त्याचें मत ठरे. दमणीची जागा मोटारीनें घेतल्याला आतां बराच काळ लोटला आहे. परीक्षेची ती रीत मात्र मागें पडली. विक्रीच्या दालनांत दिव्यांच्या झगमगाटांत गाडी पाहावी, गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटें चालवावी, आणि घरांतील अनेक वर्षांची शिल्लक मोजून द्यावी, असा आजचा प्रघात आहे. दहा मिनिटांत माणूस ओळखतां येत नाहीं. मग दहा वर्षें घरांत नांदावयाची मोटार कशी ओळखतां येणार?

अकोल्याच्या जठारपेठेंतील एका कुटुंबापुढें हाच प्रश्न २०२५ च्या दिवाळींत उभा राहिला. घरांत लहान मोटार होतीच. नात्यांतील एका गृहस्थांना आपली सात आसनांची, डिझेलवर चालणारी मोठी गाडी विकावयाची होती, आणि त्यांनीं ती आधीं वापरून पाहण्यास आनंदानें दिली. कर्ता मुलगा गाडीवर लुब्ध झाला होता. परंतु गाडीसाठीं जी रक्कम खर्चावी लागणार होती, तीच रक्कम आजींच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूला ठेवलेली होती. आजी म्हणाल्या, “गुडघे आणखी दोन वर्षें चालतील, गाडी हातची जाईल.” सुनेला हें पटलें नाहीं. अखेर असें ठरलें कीं, सातही जणांनीं त्या गाडीनें कोंकणांत गुहागरला जाऊन यावें, आणि परतल्यावरच काय तें ठरवावें.

‘एस्. यू. व्ही.’ ह्या तीन अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या ह्या गाड्यांची कुळी जीपपर्यंत पोहोंचते. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेल्या जीपची जुळणी महिंद्र कंपनीनें मुंबईंत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढें १९९४ सालीं टाटांची ‘सुमो’ निघाली; सुमंत मूळगांवकर ह्यांच्या नांवाच्या व आडनांवाच्या आद्याक्षरांवरून तें नांव सिद्ध झालें आहे. १९९८ सालीं ‘सफारी’ आणि २००२ सालीं ‘स्कॉर्पिओ’ आली, आणि शेतावरची व सरकारी कामाची गाडी घरगुती वाहन होऊन बसली. जुन्या घडणींत शिडीसारखा एक पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर गाडीचें अंग बसविलेलें असतें. अशी गाडी खडतर वाटेवर टिकाऊ ठरते, पण वजनानें जड असते आणि वळणावर अधिक झुकते. नव्या घडणींत सांगाडा व अंग हीं एकजीव असतात. त्यामुळें गाडी हलकी होते आणि बसणाऱ्यांना हिसके कमी बसतात. परीक्षेला बसणारी ही गाडी पहिल्या घडणीची होती.

जाण्याची वाट पातूरच्या घाटानें मालेगांवकडे आणि तेथून समृद्धी महामार्गावर अशी होती. ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजीं नागपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील आमणेपर्यंत पूर्णपणें खुला झाला. पुढें पनवेल, महाड, चिपळूण आणि गुहागर. येतांना कुंभार्ली घाटानें कऱ्हाड, मग पुणें, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना आणि पुन्हां समृद्धी. एकूण अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरलें, आणि त्यांत सपाट काँक्रीट, घाट, खड्डे, पाऊस आणि गांवांतील अरुंद बोळ असे सर्व विषय येऊन गेले. परीक्षा खरी व्हावयाची, तर प्रश्नपत्रिकाही अशी सर्वस्पर्शी हवी.

पहिला विषय बसण्याचा. गाडी चांगली कीं वाईट, हें बहुधा चालविणाराच सांगतो. आणि त्याला सर्वांत उत्तम आसन मिळालेलें असतें! जातांना मुलाचें मत असें झालें कीं, ह्या गाडीसारखी गाडी नाहीं. मागच्या ओळींत त्याची बहीण आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा होता. तीं दोघें कांहीं बोललीं नाहींत. परततांना कुंभार्ली घाटांत मुलाला ओकाऱ्या झाल्या. ह्यांत मुलाच्या पोटाचा दोष थोडा, आसनाचा अधिक. मागील चाकांच्या माथ्यावर बसणाऱ्याला उसळी अधिक लागते. त्यांतच खिडकी लहान असली म्हणजे बाहेरची वाट दिसत नाहीं. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं, शरीर हलत आहे. डोळे समोरच्या आसनाची स्थिर पाठ पाहून सांगतात कीं, तें हलत नाहीं. ह्या विसंगत साक्षींतून मळमळ उत्पन्न होते.

पुण्याहून बहिणीनें गाडी हातीं घेतली आणि भाऊ मागें जाऊन बसला. पहिल्या तासांत गुडघे छातीशीं आले. दुसऱ्या तासांत त्याच्या ध्यानांत आलें कीं, थंड हवेचा झोत तेथवर पोहोंचतच नाहीं. अहिल्यानगरला चहासाठीं उतरल्यावर तो बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. ‘सात आसनांची’ ह्या विशेषणाचा अर्थ त्याला तेथें उमगला. शिवाय मागची ओळ उघडली कीं सामानाला जागा उरत नाहीं, म्हणून बोजा टपावर बांधावा लागला होता. टपावरच्या बोजानें गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो; उंच गाडी वळणावर आणखी कलते, आणि वारा अडून इंधनही अधिक जळतें.

आजींची अडचण निराळी होती. गाडीची पायरी उंच. चढतांना सून हात देई, उतरतांना नातू. प्रवासांत त्या चार वेळां उतरावयाच्या, तेथें दोनदांच उतरल्या, आणि त्यासाठीं पाणी पिण्याचें टाळलें. ही गोष्ट त्यांनीं घरीं आल्यावर सांगितली.

दुसरा विषय इंधनाचा. गाडीसमोरच्या पडद्यावर उमटणाऱ्या आंकड्यावर भिस्त ठेवूं नये. तो बहुधा उदार असतो. खरा हिशेब सोपा आहे. टांकी पूर्ण भरावी, अंतराचा आंकडा टिपून घ्यावा. पुन्हां टांकी पूर्ण भरतांना जितके लिटर लागतील, त्यांनीं मधल्या अंतरास भागावें. अकोला ते पनवेल ५७५ किलोमीटरांस ४६ लिटर डिझेल लागलें; म्हणजे लिटरला साडेबारा किलोमीटर. पडदा मात्र चौदा दाखवीत होता. परततांना पुणें ते अकोला हा ४९५ किलोमीटरांचा टप्पा ३३ लिटरांत पार पडला. म्हणजे लिटरला पंधरा. गाडी तीच, माणसें तींच, फरक वेगाचा. जातांना कांटा ११० च्या आसपास होता, येतांना बहिणीनें तो ९० च्या पुढें जाऊं दिला नाहीं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ९० वरून ११० वर गेल्यास वेग पावपटीहून कमी वाढतो, पण विरोध जवळजवळ दीडपट होतो.

तिसरा विषय रस्त्यावरील वागणुकीचा. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. परंतु मर्यादा म्हणजे आज्ञा नव्हे. ह्या वेगानें गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढें जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढी भुई मागें पडलेली असते. वेग ८० वरून १२० झाला, तर गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि सात माणसें व सामान ह्यांनीं भरलेली गाडी थांबविण्यास ती सारी ब्रेकांनाच जिरवावी लागते. म्हणून ब्रेकांची पारख एकट्यानें गाडी चालवून होत नाहीं. भरल्या गाडीनें घाट उतरतांना होते. परशुराम घाटांत ह्या गाडीनें ती चांगली दिली. उतारावर खालच्या गिअरमध्यें इंजिनाचा आवर ठेवला, म्हणजे ब्रेक तापत नाहींत, हें चालकाला ठाऊक होतें. कोंकणच्या खड्ड्यांवरही उंच बूड उपयोगी पडलें. मात्र गुहागरांत जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून गाडी नेतांना तिच्या रुंदीनें सर्वांचा जीव टांगणीला लागला.

सुरक्षिततेविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एन्कॅप’ ही गाड्यांची टक्कर-चाचणी सुरू झाली असून ती गाडीला तारे देते. त्या ताऱ्यांकडे अवश्य पाहावें. पण शेवटच्या ओळींतील आसनांविषयीं त्यांवरून फारसें कळत नाहीं. त्या ओळींत प्रत्येकाला तीन बिंदूंचा सुरक्षा-पट्टा आहे काय, डोक्यामागें आधार आहे काय, आणि पट्टा बांधूनही मूल नीट बसूं शकतें काय, हें घरच्यांनींच पाहावें. मागच्या आसनावरही पट्टा बांधणें कायद्यानें बंधनकारक आहे. न बांधलेला मनुष्य टक्करीच्या क्षणीं पुढच्या माणसावर आदळतो, आणि त्याच्यासह दुसराही दगावूं शकतो.

चौथा विषय परतल्यावरचा, आणि बहुतेक लोक नेमका तोच सोडून देतात. प्रवासाचा शीण जातो, धुळीनें भरलेली गाडी धुवून निघते आणि परीक्षा संपली असें वाटतें. ह्या कुटुंबानें तिसऱ्या दिवशीं गाडी टायरवाल्याकडे नेली. चाकांची नक्षी चांगली खोल होती. गाडी फार धांवलेलीच नव्हती. परंतु डावें मागील चाक काढून पाहतां त्याच्या आंतल्या बाजूस लिंबाएवढा फुगा आलेला आढळला. खड्ड्याच्या कडेवर आदळून टायरच्या आंतले धागे तुटले, म्हणजे असा फुगा येतो. बाहेरून उभें राहून पाहणाऱ्यास तो दिसत नाहीं. टायरच्या कुशीवर कोरलेले चार आंकडेही त्या माणसानें वाचून दाखविले : ४७१९. म्हणजे २०१९ सालचा सत्तेचाळिसावा आठवडा. नक्षी न झिजतांही रबर वयानें कडक होतें, म्हणून पांच वर्षांनंतर टायर दरवर्षीं जाणकाराकडून तपासून घ्यावेत असा सल्ला देतात. शिवाय सात माणसांच्या भारासाठीं हवेचा दाब वेगळा ठेवावा लागतो. तो चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला असतो आणि चाक थंड असतांनाच मोजावयाचा असतो. हें कोणीच पाहिलें नव्हतें. जालन्यापासून पुढें, तापलेल्या काँक्रीटवरून, आजी व तिन्ही मुलें त्या फुग्यावर बसून आलीं होतीं. तें ऐकून मुलगा कांहीं वेळ दुकानाच्या बांकावर बसून राहिला.

पांचवा विषय रोजच्या वापराचा. वर्षांतले दहा दिवस गाडी कोंकणांत किंवा चिखलदऱ्याला जाईल. उरलेले दिवस ती जठारपेठेंतून स्थानकापर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत जाणार. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांमुळें नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यास इंजिन बराच वेळ सलग तापावें लागतें. दोनतीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत तें तापत नाहीं, गाळणी तुंबते, आणि दुरुस्ती महाग पडते. लांबच्या वाटेवर जी गाडी गुणी ठरते, तीच गल्लींत आजारी पडूं शकते. आणखी एक प्रश्न उन्हाळ्याचा : अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांच्या वर जातो. दिवाळींत मागच्या ओळींत न पोहोंचणारी थंड हवा मे महिन्यांत काय करील, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

ह्यानंतर घरांत बैठक बसली. सुनेनें प्रवासभर ठेवलेली वही वाचून दाखविली. इंजिन, ब्रेक आणि खड्ड्यांवरची चाल ह्यांत गाडी उत्तीर्ण झाली होती. मागची ओळ, सामानाची जागा आणि पायरी ह्यांत ती अनुत्तीर्ण झाली होती. टायरचा दोष गाडीचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. बहिणीनें विचारलें, “गाडी चांगली आहे, हें सर्वांना मान्य आहे. पण आपल्या घराला ती वर्षांतून किती दिवस लागेल?” बोटांवर मोजूनही उत्तर बारा दिवसांच्या पलीकडे गेलें नाहीं. तेवढे दिवस चांगली गाडी भाड्यानें आणण्याचा खर्च आणि विकत घेतलेल्या गाडीचा विमा, देखभाल व दरवर्षीं उतरणारी किंमत ह्यांचा खर्च मुलानें स्वतःच एका कागदावर शेजारीं शेजारीं मांडला, आणि तो कागद निमूटपणें आजींच्या हातीं दिला.

गाडी नवा टायर बसवून मालकाला साभार परत करण्यांत आली. घरच्या लहान मोटारीच्या चारही टायरांवरचे आंकडे त्याच संध्याकाळीं वाचून झाले. डिसेंबरांत आजींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वेळीं गाडी भाड्यानें ठरवितांना पायरीची उंची आधीं मोजून पाहावयाची, असें सुनेनें वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलें आहे.