मावशीच्या डब्यातली बिननावाची गोळी

माझ्या मावशीच्या उशाशी श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. त्यात बीपीची गोळी, पायाच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी आणि कात्रीने कापलेली, नाव गेलेली एक पट्टी. “ती गुडघ्याची गं. एक घेतली की दिवस निघतो.”

दिवस निघतो, हे खरंच आहे. अशा गोळीत बहुतेकदा डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक असतं. सूज आणि ठणका वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ते शरीरात तयार होऊ देत नाही. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून गोळी रोजची झाली की जठरात व्रण होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोबतची अ‍ॅसिडिटीची गोळी पोटाला जपते, मूत्रपिंडाला नाही. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि ही तिसरी, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडावरचा ताण फार वाढतो. मावशीच्या डब्यात नेमकं तेच होतं.

गुडघ्यासाठी आधी डायक्लोफिनॅकचंच जेल लावून पाहावं. रक्तात फारच थोडं उतरतं. पॅरासिटामॉल सांधेदुखीवर तितकं जोरदार नाही, पण पोटाला सौम्य आहे. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे दिवसाचे २६०० मिलिग्रॅम. त्यापुढे स्वतःच्या मनाने जाऊ नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम मात्र कुठल्याच गोळीत मिळत नाही.

पाठीचं जरा वेगळं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात. पाण्याची कळशी उचलताना पाठीत एकदम कळ आली, तर मणका दबलेला असू शकतो. अशा वेळी नुसत्या वेदनाशामकाने दुखणं झाकलं जातं, हाड ठिसूळच राहतं. त्यासाठी एक्स-रे, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि वेगळी औषधं आहेत. आपल्या घरांत मात्र “वयच झालं” म्हणून बायका हे दुखणं अंगावर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आई-मावशीचा अख्खा डबाच पिशवीत घाला आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं का, ते विचारा. औषधवाल्यालाही सांगा: पट्टी कापा, पण नाव आणि मुदत राहू द्या.