भुकेचा हिशेब ठेवतं कोण?

लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणं, हे डॉक्टरही बिनदिक्कत म्हणत. पण १९४० मध्ये शिकागोत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा तळाकडचा इवलासा भाग विजेने जाळला, आणि ते उंदीर जाडजूड झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच हायपोथॅलॅमसच्या कडेचा भाग नष्ट केला, तर उंदरांनी समोरच्या अन्नाकडे पाठ फिरवली. (हेच आनंद पुढे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये आले.) एक केंद्र भुकेचं, एक तृप्तीचं, अशी सुटसुटीत जोडी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. जरा जास्तच सुटसुटीत.

कारण अंगात चरबी किती साठली आहे, हे मेंदूला कळवतं कोण? चरबीच, असा तर्क १९५३ मध्ये केनेडी नावाच्या संशोधकाने मांडला. तो तडीला नेला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी. त्यांच्याकडे जन्मजात लठ्ठ उंदरांचे दोन वाण होते, 'ओबी' आणि 'डीबी'. दोन उंदीर शिवून त्यांचं रक्त एकमेकांत खेळवायचं, असा तो काहीसा क्रूर प्रयोग. डीबीला जोडलेला धडधाकट उंदीर उपाशी मेला. ओबीला जोडलेल्याला काही झालं नाही, उलट ओबीचंच खाणं कमी झालं. कोलमननी ताडलं, की ओबीत निरोपच तयार होत नाही आणि डीबीला तो ऐकू येत नाही. रेणू हाती नसताना काढलेला हा निष्कर्ष मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो.

तो रेणू, लेप्टिन, १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूला सापडला. एका कंपनीने परवान्यासाठी दोन कोटी डॉलर मोजले आणि निराशा पदरी घेतली. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुबलकच असतं. केंब्रिजच्या डॉक्टरांना मात्र पाकिस्तानी वंशाची दोन चुलतभावंडं भेटली, ज्यांच्यात ते जवळपास नव्हतंच. अशा मुलांची न शमणारी भूक लेप्टिनच्या इंजेक्शनांनी आटोक्यात आली. लेप्टिनचं मुख्य काम टंचाईची वर्दी देणं, हे हळूहळू उमगलं. ते घटलं की मेंदू भूक वाढवतो आणि ऊर्जेच्या खर्चाला कात्री लावतो.

बाजारात यश मिळालं ते आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या औषधांना. त्यांचाही मोठा परिणाम मेंदूवरच होतो. त्यांतल्याच सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं.