मातीखाली झोपणारी झाडं

ऐका रे पोरांनो. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बसतात. त्यांच्यापुढे कसल्यातरी जुड्या असतात, खाली पांढरट दांडा आणि वर तपकिरी-जांभळट टोकदार कोंब. तुमची आजी त्या बघितल्या की पुढे पाऊल टाकत नाही. "मावशी, काकडं पण द्या हो सोबत," म्हणते आणि पिशवी उघडते. त्या जुड्या शेवळांच्या. काकडं म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळं. शेवळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. नीट न शिजवता, आंबट न घालता खाल्लं तर घसा असा खवखवतो की विचारू नका. काकडं पडली की ती खाज मरते. मग सोडे घालून केलेली ती भाजी सीकेपी घरांत वर्षातून एकदाच होते आणि तिच्यावर वर्षभर बोललं जातं.

पण मला सांगायचंय ते भाजीच्या आधीचं. ही शेवळं एप्रिलमध्ये कुठे होती? डोंगर तेव्हा करपलेला असतो. त्या जागी जाऊन बघाल तर माती, दगड आणि वाळका पाला, दुसरं काही नाही. शेवळ मात्र तिथंच असतं, मातीखाली कंद होऊन गाढ झोपलेलं. वळवाची चाहूल लागली की ते आधी पान काढत नाही, फूल काढतं! आपण भाजीत चिरतो तो त्याचा न उमललेला फुलोराच. तो उमलू दिला तर त्याला सडक्या मांसासारखा वास येतो. माश्या आणि किडे त्या वासाला भुलून आत शिरतात. दांड्यावर खाली मादीफुलं आणि त्यांच्यावर नरफुलं असतात. आधी मादीफुलं तयार होतात, नरफुलांचे पराग नंतर सुटतात. म्हणजे आदल्या दिवशी दुसऱ्या शेवळावर फसून आलेला किडाच इथं कामाचा. सुमात्रा बेटावर ह्याचा एक भाऊबंद आहे, त्याचा फुलोरा माणसापेक्षाही उंच होतो, 3 मीटरपर्यंत. वासही त्याच मापात.

फुलोरा आटोपला की पान येतं. एकच पान, पण छत्रीसारखं पसरलेलं. त्या एका पानानं पावसाच्या चार महिन्यांत वर्षभराची शिदोरी जमवायची. आणि खरी गंमत खाली चाललेली असते. जुना कंद पान वाढवण्यात स्वतः खर्ची पडतो, आकसतो, आणि त्याच्या जागी नवा कंद भरत जातो. सुरणाचंही असंच. दरवर्षी झाड तेच, पण कंद नवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पान पिवळं पडून कोलमडतं आणि शेवळ पुन्हा गुडुप.

झेंडू नि तेरडा एका हंगामाचे पाहुणे. बी टाकलं, फुललं, संपलं. शेवळासारखी जी वर्षानुवर्षं टिकतात त्यांना पुस्तकात बहुवर्षायू म्हणतात. मात्र बागकामाची विलायती पुस्तकं वाचाल तर त्यांतली बहुवर्षायू झाडं हिवाळ्यात, बर्फाखाली झोपतात. आपल्या ठाण्यात कुठला आलाय बर्फ? इथं वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने आभाळ कोरडं ठाक. त्यामुळे आपली रानची झाडं थंडीला घाबरून झोपत नाहीत, तहानेला चुकवून झोपतात. म्हणून नर्सरीत गेलात की फूल कुठल्या रंगाचं ते नंतर विचारा. आधी विचारा, हे झोपतं का, आणि झोपतं तर कधी?

भुईचाफा बघा. आपल्या कोपऱ्यातली ती मातीची कुंडी, जिच्यात गेल्या वर्षी कुणीतरी आइस्क्रीमच्या काड्या खोचल्या होत्या, ती त्याची. थंडीत तिच्यात काही म्हणजे काही दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, पंख्याखालीही घाम सुटतो तेव्हा, एका सकाळी मातीतूनच फूल वर येतं. पान नाही, देठ दिसत नाही. पांढरी-जांभळी पाकळी जमिनीला टेकलेली आणि वास तर असा गोड! सगळी पुंजी मुळाशीच्या गाठींत साठवलेली असते, त्यातून हा खर्च. पानं मागाहून पावसात येतात, खालून जांभळी. ती पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत न्यायचं, वाळली की बंद. बहुतेक घरांत भुईचाफा उन्हानं मरत नाही, मायेनं मरतो. रिकामी कुंडी बघवत नाही म्हणून कुणीतरी रोज तांब्याभर पाणी ओततं आणि गाठी कुजतात. कुंडीवर नाव लिहून ठेवा, म्हणजे सोसायटीत रंगकाम निघालं की कुणी ती माती समजून उपडी करणार नाही.

कळलावीही अशीच झोपणारी. येऊरच्या वाटेवर, मलंगगडाच्या पायथ्याशी पावसात कुंपणांवर चढलेली दिसते. तिच्या पानाचं टोकच वळून आधार पकडतं, वेगळे तणावे काढायची तिला गरज नाही. पाकळ्या मागे उलटलेल्या, खाली पिवळ्या आणि वर लाल, दिवसागणिक आणखी लाल होत जाणाऱ्या. तिच्या कंदाला नांगरासारखी बोटं असतात आणि डोळा बोटाच्या अगदी टोकाला. टोक मोडलं की त्या बोटाची आशा सोडायची. पण ही घरात नको, आधीच सांगतो. तिच्या अंगभर कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदात तर पुष्कळच. धाकटं भावंड रांगतंय तोवर ती डोंगरावरच शोभते. आणि येऊर हे राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून कंद उकरून आणायचे नसतात. शेवळांचीही मला थोडी धास्ती वाटते. फुलोराच खुडला की बी धरत नाही, आणि दरवर्षी खुडणारे हात वाढताहेत. आजीला हे सांगू नका, जुड्या कमी घ्यायची आणि मला भाजी वाढायची नाही.

आता न झोपणाऱ्यांकडे वळू. पश्चिमेची गॅलरी, दुपारी तीननंतर पाय भाजतात अशी, तिथं सदाफुली लावा. ती मूळची मादागास्करची, उन्हाला पुरून उरते, भिंतीच्या चिरेतही उगवते. तिला फक्त पाण्यात पाय ठेवून उभं राहणं सोसत नाही, तेव्हा कुंडीचं भोक मोकळं ठेवायचं. हिच्याच पानांतून 1950 च्या दशकात विनब्लास्टिन निघालं, मग विनक्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगावर लहान मुलांना आजही विनक्रिस्टिन देतात. औषध झालं तरी झाड विषारीच, पान चघळायचं नाही.

एसीच्या पाण्याची बादली भरते त्या गॅलरीत सोनटक्का. त्याला ओल हवी, दुपारचं ऊन नको. मात्र सकाळचं थोडं ऊन मिळालंच पाहिजे, नाहीतर नुसती पानं वाढतात. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडाशी कापायचा. बाजूनं नवे कोंब येतातच. संध्याकाळी ह्याचा वास घमघमतो, कारण अंधारात उडणाऱ्या पतंगांना बोलवायचं असतं. क्युबा देशाचं हे राष्ट्रीय फूल, मूळ घर मात्र आपल्या हिमालयाच्या पूर्वेकडचं.

अर्ध्या सावलीत अबोली. तिची वाळलेली बोंडं तळहातावर घ्या आणि त्यांवर पाण्याचा एक थेंब सोडा. काही क्षणांत टक्‌! बोंड फुटतं आणि बिया उडतात. पाऊस आल्याशिवाय बी सोडायचं नाही, हा तिचा हिशेब. करून बघा, पण डोळे जरा लांब ठेवा.

आणि शेवंती. मला ह्या गॅलरीतली सगळ्यांत विद्वान हीच वाटते, कारण तिला रात्र मोजता येते. 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड ह्या दोघांनी तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखवलं, की काही झाडं दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. शेवंती त्यांतलीच. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. पानातलं फायटोक्रोम नावाचं द्रव्य अंधार मोजत बसतं आणि रात्र पुरेशी लांब झाली की शेंड्याकडे निरोप जातो, आता कळ्या काढ. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी तिचं मोजणं बिघडतं. फुलशेतीवाले मुद्दाम दिवे लावून तिला लांबवतात, सणाच्या बाजारासाठी.

तुम्ही विचारत होतात ना, शेजारच्या काकूंची शेवंती भरभरून फुलली आणि आपली नुसती पाल्यावर का राहिली? त्यांची गॅलरी मागच्या अंगाला, अंधारात. आपल्या ग्रिलवर रस्त्याचा दिवा रात्रभर पडतो. आपल्या शेवंतीला वाटतं, अजून जूनच चाललाय. तिच्या बुडाशी ह्या काश्या फुटल्यात बघा, ह्याच वेगळ्या करून लावायच्या. पावसात आडोशाला ठेवायच्या, मुळं लवकर कुजतात. सप्टेंबर उजाडला की संध्याकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका उपडा घालायचा आणि सकाळी आठला काढायचा. कळ्या दिसेपर्यंत रोज, रविवारीसुद्धा. सहाचं काम कुणाचं आणि आठचं कुणाचं, ते आत्ताच ठरवा, नंतर भांडण नको.