काविळीची माळ आणि कुटकीची कॅप्सूल

सहावीत असताना मला कावीळ झाली. घाटकोपरला चाळीत राहायचो. जुलै महिना होता आणि नळाला आठवडाभर गढूळ पाणी येत होतं. डोळे पिवळे दिसले तशी आजी मला दोन गल्ल्या पलीकडच्या एका बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी कुठल्याशा झुडपाच्या ओल्या काडीचे नखाएवढे तुकडे केले, एकेक तुकडा पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीत अडकवला आणि ती इवलीशी माळ माझ्या डोक्यावर ठेवली. "रोज वाढेल. पायातून निघाली की कावीळ गेली म्हणून समजा," असं त्या आजीला म्हणाल्या. माळ खरोखर वाढली. तिसऱ्या दिवशी कानांवर आली, आठवड्याने गळ्यात, मग कमरेवर. पायातून काढली तोवर माझे डोळे पांढरे झाले होते. आजी बाईंना नारळ आणि ब्लाउजपीस देऊन आली.

ओली काडी वाळते, आकसते. काडी आकसली की तिच्याभोवतीची गाठ सैल होते आणि गाठीत गुंतलेला दोरा सुटत जातो. माळ लांबते ती यामुळे. तीच माळ खुंटीला टांगली असती तरी तितकीच लांबली असती. पण एवढं सांगून विषय संपत नाही. माळ वाढली हे खरं आणि कावीळ गेली हेही खरं. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, इतकंच.

मग कावीळ घालवली कोणी? यकृतानेच. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं, उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलं. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि मोडतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडून देतं. यकृताला सूज आली की हे काम तुंबतं, बिलिरुबिन रक्तात साठतं आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी होते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. बहुतेकांचं शरीर या विषाणूंना काही आठवड्यांत हटवतं. आणि यकृतासारखी भरून येणारी दुसरी इंद्रियं शरीरात फार नाहीत. शस्त्रक्रियेत निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढा होतो.

म्हणूनच काविळीवर काहीही द्या, ते लागू पडल्यासारखं वाटतं. माळ घाला, उसाचा रस पाजा, बहुतेक रोगी बरे होतात आणि श्रेय देणाऱ्याला मिळतं. देवडांगरीचा अर्क नाकात घालणारेही आहेत. त्या जहाल अर्काने नाकातून पिवळं पाणी वाहू लागतं आणि लोकांना वाटतं, कावीळच बाहेर पडली. ते पाणी नाकाच्या भाजलेल्या अस्तराचं असतं.

मग एखाद्या मुळीत खरोखर गुण आहे की नाही, हे ओळखायचं कसं? या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर याच मुंबईत शोधलं गेलं आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

कुटकी ही हिमालयात साधारण तीन हजार मीटरच्या वर उगवणारी छोटी वनस्पती. तिची मुळी इतकी कडू की जिभेवर कण ठेवला तरी तोंड बराच वेळ कडवट राहतं. वैद्यांची काविळीवरची नेहमीची गोळी म्हणजे आरोग्यवर्धिनी. तिच्यात निम्मा वाटा कुटकीचा असतो. बाकी त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक, धातूंची भस्मं आणि पारा-गंधकाची कज्जली. १९८० साली मुंबईतल्या संशोधकांनी विषाणूजन्य काविळीत आरोग्यवर्धिनीची रीतसर चाचणी करून निष्कर्ष छापले. ते अनुकूल होते. पण एवढ्या द्रव्यांतलं काम नेमकं कोण करतं? पारा पोटात न घालता भागेल का?

डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एकटी कुटकी घेतली. डॉ. वैद्य हे जुहूचं भवन्स आयुर्वेद संशोधन केंद्र आणि पुढे विलेपार्ल्याचं कस्तुरबा हेल्थ सोसायटीचं केंद्र इथे काम केलेले संशोधक. परंपरेने माणसांत वापरलेलं औषध आधी नीट पारखायचं आणि मग त्यातलं रसायन शोधत प्रयोगशाळेत जायचं, ही उलट्या दिशेची पद्धत त्यांनी आयुष्यभर मांडली. कुटकीतली पिक्रोसाइड एक आणि दोन ही द्रव्यं प्रत्येक कॅप्सूलमध्ये किती आहेत, ते त्यांनी मोजून ठरवलं. पंधरा रुग्णांना ३७५ मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिलं. अठरा रुग्णांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. निष्कर्ष १९९६ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आले. बिलिरुबिन सरासरी अडीच मिलिग्रॅमपर्यंत उतरायला कुटकीवाल्यांना सुमारे २७ दिवस लागले, बिनऔषधवाल्यांना सुमारे ७६.

या आकड्यांकडे दोन बाजूंनी बघायला हवं. कुटकीने उतार लवकर पडला, ही मोठी गोष्ट. पण ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचीही कावीळ उतरली. ते अठराजण चाचणीत नसते तर कुटकीचा गुण किती आणि यकृताचा स्वतःचा किती, हे कधीच कळलं नसतं. आणि एकूण माणसं तेहतीस, म्हणजे सकाळी आठच्या लोकलच्या एका दारातली गर्दी. एवढ्यावर औषध सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. ते मोठ्या चाचणीच्या लायकीचं आहे, असं नक्की म्हणता येतं.

छोट्या चाचणीवर विसंबण्यातला धोका भुईआवळीने दाखवला. पाऊस सुरू झाला की मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत पेव्हर ब्लॉकच्या फटींतून ही वीतभर उंचीची वनस्पती डोकं काढते. फांदी उलटी करून पाहा. पानांच्या रांगेखाली मोहरीएवढी हिरवी फळं मण्यांसारखी ओवलेली दिसतील. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की हिपॅटायटिस बी अंगात बाळगणाऱ्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळी दिली, तेव्हा २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेल्या गटात २३ पैकी फक्त एकाची. या संशोधनात हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे नोबेल विजेते ब्लुंबर्गही सहभागी होते. जगभर आशा पालवली. पण नंतर इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. भुईआवळीच्या दिसायला सारख्या बहिणी अनेक आहेत, त्यामुळे कोणी कुठली वापरली हाही घोळ आहेच. हिपॅटायटिस बीवर आज खात्रीची गोष्ट आहे ती जन्मल्याबरोबर बाळाला टोचायची लस.

आणि मग २०२० साल आलं. करोनाच्या भीतीने घराघरांत काढे उकळू लागले. कोणी बाजारातून गुळवेलीचा रस आणला, कोणी आवारातल्या कडुनिंबावर चढलेली वेल तोडून आणली. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांना सहा रुग्ण दिसले. यकृताला सूज, आणि सगळ्यांच्या पोटात गुळवेल. यकृताचा तुकडा तपासल्यावर चित्र दिसलं ते शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हाचं. गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते, म्हणूनच लोक ती घेत होते. ज्यांच्यात हा स्वप्रतिकाराचा आजार सुप्त असतो, त्यांना तेच डिवचणं भोवतं. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेपात तथ्य होतं, कारण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या वेली आहेत. पण पुढे २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, असं मला वाटत नाही. गुळवेल घेणाऱ्या बहुसंख्यांना काही होत नाही, हे खरं आहे. पण आपण त्या थोड्यांपैकी आहोत की नाही, हे काढा पिण्यापूर्वी कोणालाच कळत नाही.

हळदीचीही तीच गोष्ट. भाजीतली चमचाभर हळद आतड्यातून फारशी रक्तात जातच नाही, म्हणून ती निर्धोक. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरीनची जोड दिली की हळदीतलं कुर्क्युमिन वीस पटींनी जास्त शोषलं जातं. आता याच जोडीच्या जबरी मात्रेच्या गोळ्या मिळतात आणि त्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिका आणि इटलीत नोंदली गेली आहेत. 'डिटॉक्स'च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच.

मग यकृताला पोषक काय? अंधेरीच्या ऑफिसात दहा तास बसणाऱ्याच्या सोनोग्राफीत आज कावीळ नव्हे, फॅटी लिव्हर निघतं. त्यावर सर्वात भक्कम पुरावा वजनाचा आहे. वजन सात ते दहा टक्के उतरलं की यकृतातली चरबी घटते, सूजही कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो. साखर घातलेली पेयं सोडणं आणि दारू न पिणं ओघाने आलंच. रोज कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे जुनाट आजार कमी आढळतात, असं ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या पाहणीत दिसलं. ही पाहणी होती, चाचणी नव्हे, पण कॉफी आवडत असेल तर सोडायचं कारण नाही. 'ई' जीवनसत्त्वाची चाचणी मात्र झाली आहे. २०१० साली मधुमेह नसलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मोठी मात्रा सुमारे दोन वर्षं दिल्यावर ४३ टक्क्यांना फायदा झाला, बिनऔषधाच्या गटात १९ टक्क्यांना. तरी एवढी मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, तिचे स्वतःचे धोके आहेत.

या पावसाळ्यात घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले तर आधी बिलिरुबिन, एसजीपीटी आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम या रक्ततपासण्या करून घ्या. गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नका, हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो. रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा सतत झोपाळू राहिला तर थेट रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांकडे जाताना घरात जो काढा, रस किंवा चूर्ण चालू असेल त्याची बाटली सोबत न्या. त्यांनी विचारलं नाही तरी टेबलावर ठेवा.