रान राखले तर पाहुणा येतो

जिल्हा परिषदेचे काम असो, नाहीतर मुलांची वह्यापुस्तके घ्यायची असोत, आपल्यापैकी अनेकांचे पाय औरंगपुऱ्याला लागतातच. काम आटोपले की एक दिवस मुक्काम वाढवा आणि धुळ्याच्या रस्त्याने मुलांना घेऊन निघा. वाटेत दौलताबादचा किल्ला लागेल, खुलताबाद लागेल, मग वेरूळ. तेथली 34 लेणी पाहावीत. मंगळवारी मात्र ती बंद असतात. पण तेथूनच माघारी फिरू नका. पुढे कन्नड आहे आणि त्याच्याजवळ गौताळा औट्रम घाट अभयारण्य.

सुमारे 260 चौरस किलोमीटरचे हे रान 1986 मध्ये अभयारण्य झाले. बिबट्या, अस्वल, नीलगाय, मोर यांचे हे घर. 2021 मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक वाघ शेकडो मैल चालत येथे पोहोचला! याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी पावसाळ्यात धबधब्याच्या सोबतीने पाहण्यात वेगळीच मौज आहे.

पण रानाशेजारच्या शेतकऱ्याचे काय?

तुम्ही विचाराल, रानडुकरे मका तुडवतात, नीलगाई हरभरा खातात. रान राखून आमच्या पदरात काय? प्रश्न रास्त आहे. नुकसान झाल्यास ताबडतोब वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईची तरतूद आहे. पण नुसत्या भरपाईने मन भरत नाही.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या चिमुकल्या देशाची गोष्ट ऐका. कॉफी, केळी आणि गुरांच्या कुरणांसाठी तेथे इतकी जंगलतोड झाली की 1980 च्या दशकात जेमतेम पाव भागावर रान उरले. 1996 च्या कायद्याने, आपल्या जमिनीतील झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देऊ लागले. त्यासाठी इंधनावरील कराचा काही भाग लावला. आज तेथे निम्म्याहून अधिक भूमी पुन्हा हिरवी आहे. ते रान पाहायला जगभरचे पाहुणे येतात, शेतकऱ्याच्या घरी उतरतात, त्याची कॉफीची बाग पाहतात.

आपण काय करावे?

महाराष्ट्राने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे. पाहुण्याला महाल नको असतो. स्वच्छ खोली, स्वच्छ संडास, चुलीवरची भाकरी, ठेचा आणि पाखरांची नावे सांगणारा घरचा माणूस एवढे पुरते. मात्र सर्व कर्ज काढून धाडस करू नका. शेती हाच मुख्य धंदा, पाहुणा हे जोडपीक.

आणि आपण स्वतः पाहुणे म्हणून जाल तेव्हा? प्लॅस्टिकची पिशवी रानात टाकू नका, लेण्यांवर नावे कोरू नका, मोठ्याने रेडिओ लावू नका. डोंगरावरची झाडे पावसाचे पाणी धरून ठेवतात, तेच खालच्या विहिरींना मिळते. पाहुणा आला नाही तरी रान राखल्याचा हा लाभ कोठेच जात नाही!