डीलरची चकाचक की मालकाची चोख?

सेकंडहँड गाडी डीलरकडून घ्यायची की थेट मालकाकडून? सहा वीकएण्ड, नऊ गाड्या आणि एका आर.सी.नंतरचा हा रोखठोक हिशोब...

‘पहिली गाडी सेकंडहँडच घे’ हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. टपरीवर मिळतो, ऑफिसच्या लिफ्टमध्ये मिळतो, घरच्या लग्नकार्यात तर आग्रह करकरून वाढला जातो. पार्किंगमध्ये ओरखडे पडणारच आहेत, मग ते जुन्या गाडीवर पडू देत! इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मतं फुटतात ती पुढच्या प्रश्नावर. घ्यायची कुणाकडून?

बजेट साडेचार लाख, गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, मॉडेल २०१८ च्या आसपासचं. एवढं ठरवून मी पुण्यात सहा शनिवार-रविवार फिरलो. नऊ गाड्या पाहिल्या. चार डीलरकडच्या, पाच थेट मालकांच्या. (निदान मालक म्हणवणाऱ्यांच्या. त्यांची गंमत पुढे येतेच.)

साठ हजारांत काय मिळतं?

एकच मॉडेल, एकच साल, साधारण सारखंच रनिंग. डीलरकडे ४ लाख ९०, मालकाकडे ४ लाख ३०. मधले साठ हजार जातात कुठे?

त्यात डीलरचं भाडं, पगार, पॉलिश, डेंटिंग-पेंटिंग आणि नफा आला. शिवाय जीएसटी. जीएसटी नोंदणी असलेला डीलर जुनी गाडी विकतो तेव्हा त्याला मार्जिनवर कर भरावा लागतो आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. लक्षात घ्या, मार्जिनवर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. बिलात पूर्ण किमतीवर १८ टक्के लावलेले दिसले, तर तिथेच विचारा. आणि तुमच्याआमच्यासारख्या नोकरदाराने स्वतःची गाडी विकली तर हा करच नाही.

या पैशांत तुम्हाला सोय मिळते. एका दुपारी पाच गाड्या पाहून होतात, लोनवाला तिथेच बसलेला असतो, आरटीओचे हेलपाटे दुसरा कुणी घालतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भांडायला पत्ता असतो. डीलर हा व्यापारी, त्यामुळे त्याने फसवलं तर ग्राहक आयोगात जाता येतं. कधीतरी एकदा आपली गाडी विकणाऱ्या मालकाविरुद्ध तो रस्ता सहसा बंदच असतो.

पण चकाचक म्हणजे चोख नव्हे! एका डीलरकडच्या लाल गाडीच्या मी जवळजवळ प्रेमात पडलो होतो. मीटरवर ३८ हजार किलोमीटर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री मागवली, तर शेवटच्या सर्व्हिसला नोंद ६१ हजारांची! सेल्समन शांतपणे म्हणाला, “सर, मीटर बदलला असेल.” मीही तितक्याच शांतपणे बाहेर पडलो.

वॉरंटीचंही तेच. बोर्डावर ती मोठ्या अक्षरांत असते, अटी बारीक अक्षरांत. मी वाचलेल्या कागदांत इंजिन आणि गिअरबॉक्स होते. क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर नव्हते. जुन्या गाडीत खर्च आधी कशावर होतो? नेमका याच चार गोष्टींवर.

मालक आहे, पण गाडी मेहुण्याची

आता थेट मालकांकडे वळू. पाचपैकी दोन ‘मालक’ चक्क दलाल निघाले. फोनवर “माझीच गाडी, फर्स्ट ओनर.” आर.सी.चा फोटो मागितला की “गाडी मेहुण्याच्या नावावर आहे, तो दुबईला असतो.” अशा ठिकाणी डीलरची हमीही नाही आणि मालकाची किंमतही नाही. म्हणून माझा नियम: आर.सी.वरचं नाव आणि समोरच्या माणसाचं आधार कार्ड जुळल्याशिवाय गाडीभोवती चक्करही मारायची नाही.

खरा मालक भेटला की मात्र मजा येते. डीलरला गाडीचा भूतकाळ ऐकून माहीत असतो, मालकाने तो जगलेला असतो. सहकारनगरच्या एका निवृत्त काकांनी माझ्यापुढे वहीच ठेवली. सात वर्षांचं पेट्रोल, तारीखवार, अॅव्हरेजसकट. रनिंग ३४ हजार. डाव्या दाराला ठोकलेलं कुठे, तेही लिहिलेलं. “भाव करू नका, मी वाढवून सांगितलेला नाही,” असं काका म्हणाले. मग तासभर भाव झाला आणि ४ लाख २५ हजारांवर ठरलं!

पण अडचण वहीबाहेर होती. काकांचं लोन २०२२ मध्येच फिटलेलं, तरी आर.सी.वर बँकेचं नाव तसंच. म्हणजे एचपी उतरवलेलीच नव्हती. ती असताना गाडी सरळ नावावर होत नाही. मी दहा हजार टोकन दिलं, दोघांच्या सह्यांचा कागद केला आणि उरलेले पैसे एचपी उतरल्यावर द्यायचे ठरवले. काकांनी बँकेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ आणला, आरटीओत अर्ज केला. तीन आठवडे गेले. डीलरकडे हे तीन आठवडे त्याचे असतात, इथे तुमचे. साठ हजारांतला मोठा वाटा या धावपळीचाच आहे, हे मला तेव्हा कळलं.

कागदावरचा मालक

इथे खरी मेख आहे, जरा सावकाश वाचा. २००७ मध्ये एकाने आपली मोटार विकली. ती हातोहात पुढे गेली, पण आर.सी.वर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, एकाचा जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ खटल्यात सांगितलं, ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याने.

माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने जुनी गाडी एका डीलरला दिली आणि पुढचे सात महिने तिच्या मोबाइलवर ई-चलनं येत राहिली. सिग्नल तोडला सोलापूर रस्त्यावर, मेसेज कोथरूडमध्ये!

हेच थांबवायला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं (फॉर्म २९ बी), मालकाने गाडी ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन सूचना द्यायची (फॉर्म २९ सी) आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरची. म्हणून शोरूममध्ये कॉफी घेण्याआधी अधिकारपत्र मागा. दाखवायला खळखळ केली, तर कॉफी तशीच ठेवून निघा.

थेट व्यवहारात फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी राज्यातच विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलायला अर्ज करायचा. ‘सह्या केलेले फॉर्म ठेवा, सावकाश करा’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

विमाही नावाबरोबर पूर्णपणे सरकत नाही. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा. तो तुम्हाला मिळत नाही, तेव्हा प्रीमियमचा फरक बजेटमध्ये धरा.

खिशातली चेकलिस्ट

* परिवहनच्या अॅपवर गाडीचा नंबर टाका: कितवा मालक, एचपी, विमा, पीयूसी. थकलेली ई-चलनं वेगळी बघा.
* एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आहे ना? नसेल तर नाव बदलताना काम अडू शकतं.
* सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.
* टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर कमी आणि टायर नवेकोरे, तर का ते विचारा.
* सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. २००५ ची मुंबई आणि २०१९ चे कोल्हापूर-सांगली आठवा. पुरातली गाडी धुऊनपुसून कुठल्याही शहरात येऊ शकते.
* मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको.
* पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

मग कुणाकडून?

मी काकांची गाडी घेतली. टायर आणि बॅटरी धरून साडेचार लाखांत बसली. पण माझ्याकडे तीन आठवडे होते आणि ओळखीचा गॅरेजवाला होता. तुमची बदली पुढच्या महिन्यात असेल, शनिवारीही लॉगिन करावं लागत असेल, लोन लागणार असेल, तर सरळ डीलरकडे जा. फक्त एवढं करा, तो साठ हजार कशाचे मागतोय ते त्याच्याकडून लिहून घ्या. मीटरचं रनिंग, वॉरंटीत काय, नाव किती दिवसांत बदलून देणार, सगळं बिलावर आणा. जे लिहून देणार नाही, त्याचे पैसे कापा.

आणि गाडी कुणाकडूनही घ्या, पेढे मात्र आर.सी.वर आपलं नाव आल्यावरच वाटा.