अंतराळातील खिडकी

मुलांनो, घर म्हणजे केवळ भिंती व छप्पर नव्हे. देहाला निवारा लागतो, तसा मनालाही विसावा लागतो. अंतराळात घर उभारतानाही ही गोष्ट विसरून चालत नाही.

अमेरिकेने १९७३ साली ‘स्कायलॅब’ हे अंतराळस्थानक पृथ्वीभोवती फिरते ठेवले. त्याची आखणी चालू असता, आगगाडीच्या इंजिनापासून मोटारीपर्यंत नाना वस्तूंना रूप देणारे रेमंड लोवी यांचा सल्ला घेण्यात आला. अंतराळवीरांच्या बसण्या-जेवण्याच्या दालनास खिडकी नव्हती. खिडकीमुळे बांधणी अवघड होते आणि तिच्यावाचून काम तर काही अडत नाही, असे अभियंत्यांना वाटे. लोवी मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. महिनोगणती बंद पिंपात कोंडलेल्या माणसाला बाहेर पाहावयास मिळालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अखेर खिडकी बसली. शिवाय प्रत्येकास निजण्यासाठी स्वतंत्र खण मिळाला. तेथे वजन जाणवत नसल्याने भिंतीला बांधलेल्या पिशवीत उभ्यानेच झोपावयाचे! जेवणाचे मेज त्रिकोणी केले; त्यामुळे तिघांतील कोणीच मानाच्या जागी बसत नसे.

शेवटच्या तुकडीने तेथे ८४ दिवस काढले. फावल्या वेळी अंतराळवीरांची पावले त्या खिडकीकडेच वळत. खाली निळे सागर, शुभ्र मेघ आणि आपली पृथ्वी दिसे.

पुढे २०१० साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाला सात खिडक्यांचा घुमटच जोडण्यात आला. ज्या वस्तूवाचून काम अडत नाही, तिच्यावाचून मन मात्र अडते!